रॉथचाइल्ड घराण्यातल्या बायका : ज्यांना वह्या उघडायची परवानगी नव्हती

कार्तिकी

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा भावानं एक कागद पुढे केला. हक्कसोडपत्र. "ताई, नुसती सही कर, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासाचं काम आहे." वडिलांची अडत होती, मार्केट यार्डात गाळा होता, चार एकर बागायत होती. लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या वह्या पाटावर मांडल्या जायच्या, त्यांच्यावर हळदकुंकू मी वाहायचे. उघडायची मात्र नाही. पुढे तीस वर्षं बँकेत नोकरी केली, हजारो लोकांची खाती तपासली, पण घरची रोजकीर्द आजवर पाहिलेली नाही.

सहीचं त्या दिवशी लांबणीवर टाकलं. रात्री झोप येईना म्हणून वाचत पडले आणि १८१२ सालच्या एका मृत्युपत्रापाशी येऊन थांबले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

मृत्युपत्र मायर आम्शेल रॉथचाइल्ड यांचं. फ्रांकफुर्टच्या यूदनगासे या गल्लीत ज्यूंना कोंडून ठेवलेलं असे, रात्री गल्लीचे दरवाजे बंद होत. तिथं जुनी नाणी विकण्यापासून सुरुवात करून या माणसानं पेढी उभी केली. पाच मुलगे पुढे पाच शहरांत बसले : फ्रांकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस. पाच भावांची गोष्ट आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. पाच बहिणीही होत्या. शेनशे, इझाबेला, बाबेट, यूली, हेन्रिएट. ही नावं मला साठी ओलांडल्यावर कळली.

वडिलांनी मरणापूर्वी काही दिवस लिहून ठेवलं की पेढी फक्त मुलग्यांची. मुली, जावई आणि त्यांची मुलंबाळं यांचा भांडवलात वाटा नाही. इतकंच नाही, हिशेबाच्या वह्या, व्यवहाराचे कागद, मालमत्तेची यादी तपासण्याचाही त्यांना अधिकार नाही. यावरून कुणी कज्जा केलाच तर त्याच्या पदरात कायद्यानं द्यावा लागेल तेवढाच किमान हिस्सा पडेल. मुलींना काहीच दिलं नाही असं नाही, बायकोला आणि मुलींना रोख रक्कम ठेवली होती. पण वही बघायची नाही. आमच्याकडच्या साडीचोळीचाच हा प्रकार, फक्त रक्कम मोठी.

आता त्या बायकोबद्दल. गुटल श्नापर. १७७० मध्ये लग्न झालं तेव्हा तिनं २,४०० गिल्डर हुंडा आणला. जेमतेम दुकान असलेल्या माणसासाठी हे भांडवलच होतं. तिला एकोणीस मुलं झाली, दहा जगली. मुलगे युरोपभर राजवाड्यासारख्या घरांत राहायला गेले, सरदार-उमराव झाले, पण गुटल त्या अरुंद गल्लीतलं घर सोडून कुठे गेली नाही. १८४९ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी तिथेच वारली. लोक तिला मुद्दाम भेटायला जात. एकीनं विचारलं, युद्ध होईल का हो? तर म्हातारी म्हणाली, माझी मुलं पैसे देणार नाहीत, मग कसलं युद्ध? खरं-खोटं देव जाणे, पण ही गोष्ट तिच्या नावावर सांगतात. म्हणजे जगाला ठाऊक होतं, घराचं मूळ कुठे बसलंय ते.

मुलींना भांडवलात वाटा नाही म्हटल्यावर पुढचं ओघानंच आलं. सोयरीक बाहेर केली की पैसा बाहेर, म्हणून लग्नं घरातच. १८२४ मध्ये पॅरिसच्या जेम्सनं आपल्या सख्ख्या भावाच्या, सॉलोमनच्या मुलीशी, बेटीशी लग्न केलं. ती एकोणीस वर्षांची, तो बत्तिशीच्या आसपास. आपल्याकडे मामाशी लग्न काही समाजांत चालतं, पण सख्ख्या काकाशी? मी ते वाक्य दोनदा वाचलं. ज्यू धर्मशास्त्रात त्याला मनाई नाही. बेटीनं पुढे पॅरिसमध्ये घर असं चालवलं की कवी हाइने, संगीतकार शोपँ तिच्याकडे येत-जात. चित्रकार अँग्रनं १८४८ मध्ये काढलेलं तिचं चित्र जरूर बघा. गुलाबी रेशमी झगा, हनुवटीखाली हात, आणि नजर अशी की समोरच्याचा हिशेब तिनं मनात आधीच केलेला आहे.

जिनं घराबाहेर लग्न केलं तिचं काय झालं, तेही सांगते. लंडनच्या नेथनची मुलगी हॅना मायर. १८३९ मध्ये तिनं हेन्री फिट्झरॉय या ख्रिस्ती तरुणाशी चर्चमध्ये लग्न केलं. वडील वारले होते, पण मृत्युपत्रात लिहून गेले होते की मुलींनी आई आणि भावांच्या संमतीशिवाय लग्न करायचं नाही. पॅरिसचा काका जेम्स इतका संतापला की हिचं नावच घरानं विसरून जावं, असं त्यानं पत्रात लिहिलं. भावांपैकी एकटा नेथॅनियल लग्नाला उभा राहिला. पुढे तिचा मुलगा आर्थर तट्टावरून पडून १८५८ मध्ये गेला, दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. सासरच्या दुःखाला माहेर धावून येतं असं आपण म्हणतो. इथे नातेवाइकांत चर्चा कसली, तर ही धर्म सोडल्याची शिक्षा.

तिची मुलगी ब्लँश हिनं नवऱ्याबरोबर १८७७ मध्ये लंडनमध्ये ग्रोव्हनर गॅलरी उघडली. रॉयल अकादमी या प्रस्थापित कलासंस्थेनं दूर ठेवलेल्या कितीतरी चित्रकारांना तिथे भिंत मिळाली. त्यात पैसा बराचसा ब्लँशचा, म्हणजे मुळात त्या विसरून जायच्या मुलीचा.

तुम्हाला आणखी कुणाबद्दल माहिती असेल तर लिहा. मला यांची नावं एका ठिकाणी हवी आहेत.

शेंदूर

वाचतेय. हक्कसोडाचं वाचून पोटात कालवलं. आमच्या तिघी बहिणींनी सही केली, वर भावाला पेढेही दिले.

मोडीवाचक

चांगला विषय. थोडी भर घालतो, आणि एका बाबतीत दुसरी बाजूही मांडतो.

नेथनची बायको हॅना कोहेन. ती लंडनच्या बड्या ज्यू व्यापाऱ्याची मुलगी. १८०६ मध्ये लग्न झालं त्या वेळी नेथन त्या शहरात उपराच होता, सासऱ्यामुळे त्याला पत मिळाली. १८३६ च्या जूनमध्ये मुलाच्या, लायनेलच्या लग्नासाठी सगळे फ्रांकफुर्टला जमले होते. तिथेच नेथन आजारी पडला आणि जुलैअखेर वारला. त्यानं जे लिहून ठेवलं ते बापाच्या अगदी उलट होतं : महत्त्वाच्या प्रत्येक प्रसंगी मुलांनी आईला बरोबर घ्यावं आणि मसलतीत तिला मत असावं. चोवीस वर्षांत एका पिढीचा फरक. हा फरक कायद्यानं झाला नाही. शेजारी बसून जिनं तीस वर्षं धंदा समजून घेतला तिला नवरा ओळखून होता, एवढंच.

दुसरं पत्रांबद्दल. हे भाऊ एकमेकांना जी पत्रं लिहीत ती भाषेनं जर्मन, लिपीनं हिब्रू. परक्याला वाचता येऊ नयेत. आपल्याकडच्या पेढ्यांवरची मोडी आठवा. मी मोडी कागद वाचायचं काम करतो, त्यात बायकांच्या हातचा कागद शंभरात एखादा सापडतो. रॉथचाइल्डांच्या घरात मात्र बायकांनी ढीगभर पत्रं लिहिली आणि ती लंडनच्या त्यांच्या दप्तरात जपलेली आहेत. लायनेलची बायको शार्लट (१८१९–१८८४) धाकट्या लिओपोल्डला केंब्रिजला पत्रं लिहायची. काल जेवायला कोण होतं, कोण कुणाच्या गटात गेलं, कुणाची लेक कुणाला पाहिली. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला डिझरायली आणि त्याची बायको तिच्या घरचेच झाले होते. लायनेल १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला, पण ख्रिस्ती शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे १८५८ पर्यंत त्याला सभागृहात बसू दिलं नाही. ती अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर ज्यांची मनं वळवली गेली, ते टेबल शार्लटचं होतं. इतिहासात नाव लायनेलचं आहे.

परखड

इतकं कौतुक कशासाठी? हेच लोक जगातल्या सगळ्या सरकारांना नाचवतात. वॉटर्लूच्या लढाईची खबर आधी मिळवून नेथननं शेअर बाजार लुटला, हे सगळ्यांना माहीत आहे. व्हॉट्सॲपवर सविस्तर आलंय.

मोडीवाचक

परखड, ती वॉटर्लूची गोष्ट पॅरिसमध्ये १८४६ मध्ये छापलेल्या एका पुस्तिकेतून पसरली. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव 'सैतान' असं छापलं होतं. त्यात नेथन रणांगणावर हजर दाखवला आहे. तो त्या वेळी लंडनमध्ये होता. पुढे नाझींनी हीच गोष्ट सिनेमात घातली आणि त्याचं पर्यवसान कशात झालं ते आपण जाणतो. याच घरातल्या एलिझाबेत, फिलिप द रॉथचाइल्डची बायको, जन्मानं कॅथलिक होत्या. नाझींनी त्यांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं आणि १९४५ मध्ये त्या तिथेच वारल्या. तिथवर नेणारा रस्ता असल्या गोष्टींनीच बांधला होता. त्या इथे पुन्हा नकोत.

कार्तिकी

मोडीवाचक, मनापासून आभार. नेथनच्या मृत्युपत्राचं मला ठाऊक नव्हतं.

सुरपेटी

मी पियानो शिकवते. शोपँचा सी शार्प मायनरमधला वॉल्ट्झ, ऑपस ६४ मधला दुसरा, माझे विद्यार्थी हमखास मागतात. त्याची अर्पणपत्रिका 'मादाम नाथानिएल द रॉथचाइल्ड' यांना. कितीतरी वर्षं मी हे नाव वाचत होते आणि नाथानिएल हे नवऱ्याचं नाव आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिचं नाव शार्लट. बेटी आणि जेम्सची मुलगी, स्वतः शोपँची शिष्या, पुढे जलरंगात उत्तम चित्रं काढायची. त्या पानावर तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, बस. आडनाव माहेरचंही तेच, एवढंच. (तिचा नवरा म्हणजे कार्तिकीताईंनी लिहिलेला, हॅना मायरच्या लग्नाला उभा राहिलेला भाऊ.)

माझ्या आईला गावात कुणी नावानं ओळखत नव्हतं, "मास्तरीणबाई" म्हणत. लग्नाच्या पत्रिकेवर आजही 'सौ. व श्री.' लिहून पुढे नवऱ्याचं नाव घालतात.

या घरात शार्लट किती झाल्या ते मोजू नका, डोकं गरगरतं. नेथनची मुलगी शार्लट, कार्लची मुलगी शार्लट, जेम्सची मुलगी शार्लट. एकाच नावाच्या तीन बायका झाल्या की इतिहास त्यांची एकच बाई करून टाकतो.

आणि पॅनोनिका! जॅझ ऐकणाऱ्यांना माहीत असेल. १९१३ चा जन्म, किडेप्रेमी वडिलांनी एका पतंगाचं नाव लेकीला दिलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच मुक्तिसेनेसाठी काम केलं, नंतर न्यूयॉर्कला जाऊन राहिली. १९५५ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर तिच्या हॉटेलातल्या खोलीत वारला, तेव्हा वर्तमानपत्रांनी काय काय छापलं! काळा कलावंत, गोरी उमराव बाई. पियानोवादक थेलोनियस मंक शेवटची वर्षं तिच्याच घरी राहिला, १९८२ मध्ये गेला तोही तिथूनच. त्यानं तिच्या नावाची चीज बांधली आहे. एका वादकानं आजारपणात मान खाली न घालता राहावं एवढी जागा तिनं त्याला दिली. मी तिला फार मानते.

डेक्कनक्वीन

या घराण्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, तो कुणी ओढला नाही अजून. १८८७ मध्ये पॅरिसच्या गुस्ताव रॉथचाइल्डची मुलगी अलीन हिचं लग्न एडवर्ड ससूनशी झालं. एडवर्डचा जन्म मुंबईचा. पुण्यात आपण "ससूनला नेलं" म्हणतो ना, तेच ससून. कितीजणांच्या मनात येतं की हे एका कुटुंबाचं आडनाव आहे? डेव्हिड ससून बगदादहून १८३२ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याचं मसिना हॉस्पिटल हा त्यांचा बंगला. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची समाधी आहे. कापूस, कापड आणि अफू. अफूचं लिहायचं टाळणार नाही, माळव्याची अफू चीनला जायची, त्यावर ही दानधर्माची इमारत उभी आहे.

या घरातली सून फरहा, ऊर्फ फ्लोरा. १८५९ मध्ये मुंबईत जन्म, सॉलोमन ससूनशी लग्न. १८९४ मध्ये नवरा गेला. तीन मुलं. अशा वेळी विधवेनं काय करायचं असतं ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. फ्लोरा पेढीवर जाऊन बसली. मुंबईचा सगळा कारभार तिनं हाती घेतला आणि १९०१ पर्यंत चालवला. मुंबईसारख्या बंदरात, चीनपर्यंत पसरलेला व्यापार, बाई चालवते आहे! हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्तानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन तिला येत होतं आणि ताल्मूदवर ती भल्या भल्या पंडितांशी चर्चा करी.

हाफकिन साहेब लस घेऊन आले तेव्हा लोक घाबरून पळत. फ्लोरानं स्वतः टोचून घेतलं, लोकांनी बघून धीर धरावा म्हणून. पुढे मुलीच्या उपचारांसाठी ती लंडनला गेली ती तिकडचीच झाली. १९२४ मध्ये तिथल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या वार्षिक समारंभाला ती अध्यक्ष होती. तो मान त्याआधी कुठल्याच बाईला मिळाला नव्हता.

आणि याच ससून घरातली रेचेल! १८५८ ची, हीसुद्धा मुंबईची. तान्ही असतानाच लंडनला नेली. १८९१ पासून 'ऑब्झर्व्हर'ची संपादक, १८९३ मध्ये 'संडे टाइम्स' विकत घेऊन त्याचीही संपादक. दोन राष्ट्रीय वर्तमानपत्रं एकाच बाईच्या हातात, तेही बायकांना मत देता येत नव्हतं त्या काळात. ड्रायफस या ज्यू फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला होता, त्या प्रकरणात खरा गुन्हेगार एस्तरहाझी याची कबुली १८९८ मध्ये तिच्या 'ऑब्झर्व्हर'नं छापली. ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून माहेर तुटलं. हॅना मायरचीच गोष्ट, पन्नास वर्षांनी. नवरा गेल्यावर ती खचली, आणि मग तिला वेडी ठरवून वर्तमानपत्रं तिच्या हातून काढून घेतली गेली. १९२७ मध्ये गेली.

नवगावकर

आम्ही कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, घरात मराठीच. बाहेरच्यांना आम्ही आणि ससून एकच वाटतो, म्हणून लिहिते. ते बगदादी, आम्ही शनिवार तेली, म्हणजे तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे. त्यांच्या पैशाचा आणि आमचा संबंध नव्हता, बरोबरीनं वागवतही नसत. आमच्यातल्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यामागे पेढी नव्हती. सवड मिळाली की त्यांच्यावर वेगळा धागा काढीन.

कार्तिकी

नवगावकर, जरूर काढा. वाट बघते.

कीटकवेडा

डेक्कनक्वीन यांनी हाफकिनचं नाव काढलं आणि मला राहवेना. सुरपेटींनी ज्या किडेप्रेमी वडिलांचा उल्लेख केला ते चार्ल्स रॉथचाइल्ड. दिवसा बँकेत, उरलेला वेळ पिसवांमध्ये. नाईलच्या खोऱ्यात गोळा केलेल्या एका पिसवेचं त्यांनी १९०३ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन केलं : झेनॉप्सिला केओपिस. उंदरावरची पिसू. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी जो प्लेग ओळखला, ज्यानं पुढे मुंबई-पुणं ओस पडलं, तो हिच्या चाव्यातून पसरत होता. हे पक्कं सिद्ध झालं तेही परळच्या प्रयोगशाळेत, प्लेग आयोगाच्या १९०५ नंतरच्या कामातून. आमच्या पणजीचं कुटुंब त्या वेळी गावाबाहेर माळावर खोपटं घालून राहिलं होतं. घरात उंदीर पडला की बाडबिस्तारा उचलायचा एवढंच त्यांना माहीत. पिसू कुणालाच दिसत नव्हती.

चार्ल्सची थोरली मुलगी मिरियम (१९०८–२००५). हिला शाळेत घातलंच नाही. वडिलांनी १९२३ मध्ये स्वतःचा जीव संपवला, तेव्हा ही पंधरा वर्षांची होती. मागे राहिल्या वडिलांच्या पिसवा, काचपट्ट्यांवर चिकटवलेल्या, अडीच लाखांच्या वर. तिनं त्या वाचायला घेतल्या. ब्रिटिश म्युझियमसाठी त्यांची सचित्र सूची १९५३ पासून खंडामागून खंड निघत राहिली, तीसेक वर्षं. प्रत्येक पिसवेच्या पायावरचा केस न् केस मोजलेला. त्याआधी प्लिमथला समुद्री जीवांवर सात वर्षं केलेलं काम युद्धात बाँब पडून नष्ट झालं होतं, ते गेल्यावर ती ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश उलगडायला गेली. घरी ज्यू निर्वासित मुलं आणून ठेवली.

तिचा एक शोध मला फार भावतो. सशावरची पिसू अंडी कधी घालते? सशिणीचे दिवस भरत आले की. सशिणीच्या रक्तातले संप्रेरक पिसवेला कळतात, ती आपली अंडी त्या वेळेला तयार करते आणि पिल्लं जन्मली की त्यांच्यावर जाते. बाळंतपणाचं घड्याळ दोघींचं एकच. पिढ्यान् पिढ्या प्राणिशास्त्रज्ञांनी पिसवा पाहिल्या, हे मिरियमनं पाहिलं. आणि कसं? पिसवा पारदर्शक पिशव्यांत घालून स्वतःच्या झोपायच्या खोलीत ठेवायची, मुलांचा हात लागू नये म्हणून. पिसू उडी कशी मारते, तिच्या अंगातल्या रबरासारख्या प्रथिनाचा ताण कसा सुटतो, त्यावरही तिनं काम केलं. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीनं सदस्य करून घेतलं. शाळेचा दाखला नसलेली बाई.

आमच्या विभागात आजही वर्गीकरणाचं किचकट काम मुलींकडे जातं आणि निबंधावर पहिलं नाव सरांचं. मी ते बदलायचा प्रयत्न करतोय. मिरियमच्या सूचीचे खंड पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ठरवलं होतं.

शेंदूर

कीटकवेडा, सशिणीचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या लेकीला वाचून दाखवलं.

मोडीवाचक

कार्तिकीताई, एक विचारू? वडिलांच्या अडतीच्या वह्या अजून आहेत का? जुन्या वह्या लोक रद्दीत घालतात. नका घालू देऊ.

कार्तिकी

आहेत. परवा जाऊन आले. भावाला म्हटलं, १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर कायदा मुलीला बरोबरीनं धरतो, ते तुला माहीत आहे, मलाही. भांडायला आले नाही. आधी वह्या दाखव, सहीचं मग बोलू.

तो जरा वेळ गप्प बसला. मग वहिनीनं कपाटाची किल्ली आणून दिली. लाल कापडात बांधलेल्या, लांबट, मधे शिवलेल्या वह्या. वाळवी लागलेली नाही, कडूनिंबाचा पाला घातलेला होता. दोघं ओटीवर बसून वरपासून बघत गेलो. सगळ्यात खालची वही अडत सुरू केली त्या वर्षीची, वरती 'श्री' आणि 'शुभ लाभ', वडिलांचं वळणदार अक्षर. पहिल्या पानावर भांडवल खातं. जमेच्या बाजूला तीन ओळी. आजोबांकडून आलेले, सोसायटीचं कर्ज, आणि तिसरी ओळ : 'घरातून, पाटल्या मोडून, रुपये ६१०'.

आईच्या हातात पाटल्या मी कधी पाहिल्या नाहीत. काचेच्याच बांगड्या असायच्या. भावानं ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि मला विचारलं, "घरातून म्हणजे आईच ना गं?"

फोटो काढलाय. मोडीवाचक, वहीत पुढे काही ओळी मोडीत आहेत, तुम्हाला पाठवते.

मोडीवाचक

पाठवा. आजच बघतो.